पावसाळ्यात ॲसेटिक ॲसिडचा गोठणबिंदू घसरतो, तेव्हा काय काय तपासावं

आधी लक्षणं सांगते. यातली दोन-तीन जरी ओळखीची वाटली तरी पुढचं वाचा.

- एकाच बाटलीतलं सॅम्पल सकाळी १६.१ देतं आणि दुपारी १५.३.
- पुरवठादाराच्या सीओएवर (मालासोबत येणाऱ्या तपासणी-दाखल्यावर) १६.३ अंश लिहिलेलं असतं, आपल्याकडे १५.२ येतं.
- पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, तरी नळीतलं ॲसिड पाण्यासारखं पातळच. मग एकाएकी सगळी नळी दुधाळ होते आणि पारा झपकन वर चढतो. यातला कुठला आकडा लिहायचा, कळत नाही.
- गोठायला सुरुवात झाल्यावरही पारा कुठेच ठरत नाही, हळूहळू खाली सरकतच राहतो.
- तीच नळी वितळवून पुन्हा लावली की दुसरं रिडिंग पहिल्यापेक्षा कमी, तिसरं त्याहून कमी.
- एप्रिल-मेमध्ये सगळं सुरळीत असतं. जूनचा पाऊस लागला की तक्रारी सुरू.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका लहान औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, काम करते. ग्लेशियल, म्हणजे जवळपास पाणी नसलेलं, ॲसेटिक ॲसिड आमच्याकडे कार्बॉयमधून (मोठ्या कॅनमधून) येतं आणि प्रत्येक लॉटचा गोठणबिंदू घ्यावा लागतो. सॅम्पल एका नळीत घ्यायचं, ती नळी दुसऱ्या मोठ्या नळीत ठेवून थंड पाण्याच्या बाथमध्ये उभी करायची, आणि स्टररने ढवळत थर्मामीटर बघत राहायचं, अशी ही टेस्ट. ही तक्रार आमच्या लॅबला पाचवीला पुजलेली आहे. आणि ती फक्त आमची नाही. ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यात ठाण्यापासून महापे-तुर्भ्याच्या लॅबमध्ये जाणाऱ्या मैत्रिणी असतात, जुलैत त्यांच्या तोंडी हाच विषय असतो. इतक्या वर्षांत या दुखण्याची मुळं मला पाठ झाली आहेत, म्हणून सोप्यापासून अवघडापर्यंत क्रमाने लिहिते. क्रम मोडू नका. पहिल्या चार गोष्टींना एक रुपयाही लागत नाही आणि बहुतेक वेळा दोष त्यांच्यातच सापडतो.

आकडे डोक्यात असू द्या

शुद्ध ॲसेटिक ॲसिड १६.६ अंश सेल्सिअसला गोठतं. ब्रिटिश आणि युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथांत) किमान मर्यादा १४.८ आहे, यूएसपीत, म्हणजे अमेरिकन फार्माकोपियात, १५.६. या मर्यादा कशाच्या निदर्शक आहेत ते समजून घ्या. एक किलो ॲसेटिक ॲसिडमध्ये कुठल्याही परक्या पदार्थाचा एक मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) विरघळला की गोठणबिंदू साधारण ३.९ अंशांनी उतरतो. पदार्थ कोणता याला महत्त्व नाही, रेणू किती याला आहे. पाण्याचा एक मोल म्हणजे जेमतेम १८ ग्रॅम. वजनाला वजन लावलं तर पाण्याइतकं नुकसान करणारं दुसरं काही लॅबमध्ये सहसा नसतं. हिशेब केला तर १ टक्का पाण्याने गोठणबिंदू दोन अंशांहून थोडा जास्त घसरतो, आणि १५.६ म्हणजे पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

आता हेच गणित आपल्या नळीला लावू. नळीत १५ ग्रॅम सॅम्पल आहे. त्यात पाण्याचा एक थेंब, म्हणजे सुमारे ०.०५ ग्रॅम, पडला. गोठणबिंदू ०.७ अंशांनी खाली. एका थेंबाने! १६.३ चा चांगला माल १५.६ वर, म्हणजे थेट यूएसपीच्या काठावर येऊन उभा राहतो. हा थेंब कुठून आला ते शोधणं, हेच या सगळ्या खटाटोपाचं सार आहे.

१. लॉगबुकात नक्की कोणता आकडा लिहिलाय?

सगळ्यात आधी हे, कारण याला फक्त पेन आणि आलेखाचा कागद लागतो.

गोठणबिंदू म्हणजे पारा सगळ्यात खाली गेला तो आकडा नव्हे. द्रव आपल्या गोठणबिंदूच्या खाली जाऊनही बराच वेळ द्रवच राहू शकतो. याला अतिशीतन म्हणतात, लॅबमध्ये आपण सुपरकूलिंगच म्हणतो. पाण्याचं हे वागणं फॅरेनहाइटने १७२४ मध्येच नोंदवलं होतं. ॲसेटिक ॲसिडला तर ही खोड चांगलीच आहे. पहिला स्फटिक धरला की उरलेला द्रव भराभर गोठू लागतो, गोठताना उष्णता सोडतो आणि त्या उष्णतेने पारा वर चढतो. चढून जिथे ठरतो, तो गोठणबिंदू.

नव्याने आलेली मुलं नेमकी इथे चुकतात. त्यांना वाटतं, नळी दुधाळ झाली त्या क्षणाचा आकडा लिहायचा. मग सुपरकूलिंग एकदा ३ अंश झालं, एकदा ५ अंश झालं की तेवढाच फरक लॉगबुकात उतरतो आणि माल फेल दिसतो.

दर ३० सेकंदांनी रिडिंग घ्या आणि ते आलेखावर मांडा. ब्रिटिश आणि युरोपियन पद्धतीत गोठताना दिसलेलं सर्वांत जास्त तापमान घेतात. यूएसपीत लागोपाठच्या किमान चार रिडिंगची सरासरी घेतात, आणि ती चारही ०.२ अंशांच्या आत असावी लागतात. तुमच्या एसओपीत (लॅबच्या लेखी कार्यपद्धतीत) यातलं काय आहे ते वाचा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

आलेख काढायला कंटाळू नका, असं मी आमच्या मुलांना रोज सांगते. नुसता एक आकडा कमी आला तर तो का कमी आला हे त्यातून कळत नाही, रेषेच्या आकारातून मात्र कळतं. माझ्या अनुभवात आकार तीनच.

रेषा खाली गेली, वर आली आणि ताठ आडवी राहिली, पण आडवी राहिली ती १६.६ ऐवजी १५.८ वर: सॅम्पलवर संशय घेण्याआधी थर्मामीटर बघा. शुद्ध पदार्थ गोठताना तापमान हलत नाही. रेषा आडवी आहे म्हणजे पदार्थ बरा आहे, मोजणारं साधन चुकतंय.

रेषा वर आली आणि लगेच उतरणीला लागली, सपाट भाग असा दिसतच नाही: आत काहीतरी मिसळलेलं आहे. द्रवातलं ॲसिड स्फटिक होऊन बाहेर पडतं, पाणी मात्र उरलेल्या द्रवात साठत जातं, आणि तो द्रव दर मिनिटाला आणखी कमी तापमानाला गोठतो. उतार जितका तीव्र तितकी भेसळ जास्त. ही भेसळ मालातली की आपल्या हातातली, ते पुढच्या तपासण्या ठरवतील.

रेषा वर चढतच नाही, नुसती घसरत जाते, किंवा किंचित उसळून पुन्हा पडते: बाथ फार थंड आहे किंवा ढवळणं बंद पडलंय.

२. नळी खरंच कोरडी आहे का?

ओव्हनमधून काढली म्हणजे कोरडी, असं नाही. गरम नळी उघड्यावर थंड होऊ दिली तर पावसाळ्यातली हवा आत शिरते आणि काचेवर ओल धरते. डेसिकेटरमध्येच (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, आणि डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी झालीय ते बघा. जून ते सप्टेंबर आम्ही ती दर आठवड्याला ओव्हनमध्ये भाजतो. केशरी रंगाची जेल वापरत असाल तर तिच्या पाकिटावर ओला रंग कोणता दिलाय ते पाहून ठेवा.

घाईत नळी ॲसिटोनने विसळून हवेवर सुकवण्याची पद्धत सगळीकडे आहे. ॲसिटोनचा एक थेंब मागे राहिला तर सुमारे ०.२ अंशांचा फटका बसतो. पाण्याच्या मानाने कमी, पण शिवाय ॲसिटोन उडताना काच गार पडते आणि गार काचेवर हवेतलं पाणी बसतं. म्हणजे दुहेरी नुकसान. गोठणबिंदूच्या नळीला ही युक्ती नकोच.

स्टररची कडी आणि बुचाचं भोक विसरू नका. रबरी बूच धुऊन लावलं असेल तर भोकात पाणी हमखास असतं. बोटाला टिश्यू गुंडाळून भोकातून फिरवा, टिश्यू ओला झाला की समजून जा.

३. सॅम्पल पूर्ण वितळलं होतं का?

आपल्याकडे नवी मुंबईत गोदामात ॲसेटिक ॲसिड सहसा गोठत नाही, तितकी थंडी पडत नाही. पण राखीव सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवलं किंवा एसीच्या झोतासमोर रात्रभर राहिलं तर बाटलीत तळाला आणि कडेला स्फटिक धरतात. वरचा द्रव पिपेटने घेतला की झाली चूक. स्फटिक शुद्ध ॲसिडचे असतात, पाणी आणि बाकीचा मळ द्रवात साठलेला असतो. तुम्ही नेमका सगळ्यात वाईट भाग उचलता.

बाटलीचं झाकण घट्ट लावून ती कोमट पाण्यात ठेवा, ३० अंशांच्या आसपास. पूर्ण वितळू द्या, उलटसुलट करून मिसळा, मग घ्या. बर्नर किंवा हॉटप्लेट वापरू नका. ॲसेटिक ॲसिडचा फ्लॅश पॉइंट ३९ अंशांच्या आसपास आहे, वाफ पेटते. बाटली गोठलेली नसली तरी कार्बॉयमधून सॅम्पल काढताना तळाचं आणि वरचं दोन्ही घ्या.

४. दव

आता पावसाळ्याच्या मुद्द्यावर येते. याच एका कारणाने मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, म्हणून जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी जुलैत आमच्याकडे एका लहान व्यापाऱ्याकडून माल आला. ट्रेनी मुलाने तीन रिडिंग घेतली: १६.०, १५.६, १५.१. तिसऱ्याला आमच्या मर्यादेखाली. आम्ही माल परत पाठवला. चार दिवसांनी व्यापारी स्वतः सीलबंद बाटली घेऊन गेटवर आला. अंगावर भिजलेला रेनकोट तसाच होता. म्हणाला, ‘मॅडम, माझ्या डोळ्यांसमोर एकदा करून दाखवा. दोन्हीकडचं भाडं माझ्या अंगावर पडलंय.’

मी मुलाला म्हटलं, ‘तू नेहमी करतोस तसंच कर, मी काही बोलणार नाही.’ आणि मी नुसती बघत उभी राहिले.

पहिलं रिडिंग छान आलं. मग नळी वितळवण्यासाठी त्याने थर्मामीटर आणि स्टरर बाहेर काढून पांढऱ्या टाइलवर ठेवले. आमच्या लॅबचा एसी त्या दिवशी नीट चालत नव्हता, खिडकी उघडी होती, बाहेर पाऊस. मी थर्मामीटरच्या फुग्याकडे पाहिलं. काच आधी धुरकट झाली. मग त्या धुरकटपणात बारीक बारीक ठिपके उठले, एकमेकांत मिसळले, आणि मिनिटभरात फुग्याच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढा थेंब लोंबायला लागला. त्याने तो थर्मामीटर उचलला आणि तसाच नळीत घातला.

फुगा होता १५-१६ अंशांवर. आपल्याकडे भर पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणारच. १६.० वरून १५.६, १५.६ वरून १५.१, ही प्रत्येक घसरण म्हणजे साधारण ०.०३ ग्रॅम पाणी, अर्ध्या थेंबाहून थोडं जास्त. हिशेब अगदी जुळला.

त्या माणसाची मी माफी मागितली आणि माल परत घेतला. भाड्याचे पैसे कंपनीने दिले, पण त्यासाठी मला दोन दिवस भांडावं लागलं. आपल्या नळीतल्या अर्ध्या थेंबाची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

तर करायचं काय:

दोन रिडिंगच्या मध्ये बूच उघडूच नका. थर्मामीटर आणि स्टररसकट आतली नळी बाहेर काढा, बाहेरून पुसा आणि तशीच कोमट पाण्यात धरून वितळवा.

बुचातलं स्टररचं भोक दुर्लक्षित राहतं. मिनिटाला वीसेक वेळा स्टररची दांडी वर येते, तिला ॲसिडचा पातळ थर लागलेला असतो, तो थर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पुन्हा आत बुडतो. म्हणजे आपणच हाताने ओल आत पंप करतो. भोकात काचेची छोटी नळी बसवून तिच्यातून दांडी खेळवा, आणि ढवळताना दांडी गरजेपेक्षा वर उचलू नका.

बाहेरच्या मोठ्या नळीत, म्हणजे हवेच्या आवरणात, दव धरत असेल तर तळाला चिमूटभर कोरडी सिलिका जेल टाका. ओल्या काचेतून उष्णता वेगळ्या गतीने जाते, त्यामुळेही रेषा बिघडते.

सॅम्पलची बाटली उघडी ठेवून नळी शोधायला जाऊ नका. आधी सगळं मांडून ठेवा, मग झाकण काढा. आणि फ्यूम हुडमध्ये काम करताना लक्षात असू द्या, हुड खोलीतलीच हवा बाटलीच्या तोंडावरून ओढत असतो. वाफेपासून तो तुम्हाला वाचवतो, सॅम्पलला ओलीपासून वाचवत नाही. खोलीची हवा एसीने कोरडी झालेली असेल तर अर्धं काम तिथेच होतं, म्हणून पावसाळ्यात ही टेस्ट सकाळी न करता एसी दोन तास चालल्यावर करा.

५. बाथ, हवेचं आवरण आणि ढवळणं

बाथ अपेक्षित गोठणबिंदूच्या ४-५ अंश खाली हवा, म्हणजे ११-१२ अंशांवर. पावसाळ्यात आपल्या नळाचं पाणीच २७-२८ अंशांचं असतं, त्यामुळे बर्फ घालावाच लागतो आणि घाईत बीकर बर्फाने गच्च भरला जातो. मग बाथ ० ते २ अंशांवर येतो. काठाला जाड साय धरते, मधला द्रव वेगळ्या तापमानाला असतो, स्टरर अडकतो आणि थर्मामीटर कशाचं तापमान दाखवतोय हेच कळत नाही. बाथमध्ये दुसरा साधा थर्मामीटर उभा करा आणि बर्फ तुकड्या-तुकड्याने घाला. उलट बाथ १५ अंशांवर असला तर गोठणं इतकं संथ होतं की खोलीची उष्णता वरून झिरपून रेषा वाकवते.

आतली नळी साधारण २५ मिलिमीटर व्यासाची, बाहेरची ४०. मधली हवा ब्लँकेटसारखी असते, थंडी हळूहळू आत पोहोचवते. बाहेरची नळी फुटली म्हणून आतली नळी थेट पाण्यात बुडवणारे मी पाहिलेत. तसं केलेलं रिडिंग टाकून द्या, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

थर्मामीटरचा फुगा नळीच्या तळापासून साधारण १५ मिलिमीटर वर आणि पूर्ण द्रवात. काचेला टेकलेला नको.

६. सीडिंग, म्हणजे गोठायला स्फटिकाचं बी देणं

सुपरकूलिंग जास्त झालं तर शेवटचा आकडाही थोडा खाली येतो, आणि त्याचं कारण साधं आहे. एक ग्रॅम ॲसेटिक ॲसिड गोठताना सुमारे १९५ ज्यूल उष्णता सोडतं, आणि एक ग्रॅम द्रव एक अंशाने तापवायला साधारण २ ज्यूल लागतात. म्हणजे सुपरकूलिंगच्या प्रत्येक अंशामागे जवळपास १ टक्का द्रव एका दमात गोठून जातो, आणि त्यातलं पाणी उरलेल्या द्रवात दाटतं. ४-५ अंशांपर्यंत हे चालून जातं. १० अंशांच्या पुढे नाही.

उपाय दोन. पहिला, वितळवताना स्फटिकाचा अगदी पुसटसा अंश नळीत शिल्लक ठेवा. फार्माकोपियाच्या पद्धतीतही हेच सांगितलंय. दुसरा, वेगळ्या छोट्या बूचबंद नळीत तेच ॲसिड बर्फात गोठवून ठेवा आणि काचेच्या कोरड्या काडीच्या टोकाने त्याचा एक कण आत सोडा. कण ॲसिडचा, बर्फाचा नव्हे. ‘सीड टाक’ म्हटल्यावर बाथमधला बर्फाचा खडा उचलून टाकणारा मुलगा मी पाहिलाय, आणि चूक त्याची नव्हती, त्याला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

७. थर्मामीटर

आधी नुसत्या डोळ्यांनी बघा: पाऱ्याची दांडी मध्येच तुटलीय का? तुटली असेल तर रेषा आडवी येईल, पण चुकीच्या आकड्यावर. मग बर्फबिंदू घ्या. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ फोडून थर्मासमध्ये भरा, डिस्टिल्ड पाणीच घालून लगदा करा, थर्मामीटर खोचा, १५ मिनिटं थांबा. ०.० यायला हवा. नाक्यावरच्या दुकानातून आणलेली बर्फाची लादी बाथसाठी ठीक आहे, बर्फबिंदूसाठी नाही, तिच्यात नळाच्या पाण्याचे क्षार असतात आणि गोठणबिंदू घसरण्याचा नियम बर्फालाही लागू आहे.

बाहेर राहिलेल्या दांडीच्या दुरुस्तीबद्दल मला नेहमी विचारतात. बाहेरच्या पाऱ्याचे अंश, गुणिले दोन तापमानांमधला फरक, गुणिले ०.०००१६. ॲसेटिक ॲसिडला १० अंशांची दांडी बाहेर आणि ११ अंशांचा फरक धरला तर ०.०२ सुद्धा येत नाही, सोडून द्या. नॅफ्थलीनसारखा ८० अंशांना गोठणारा पदार्थ असेल आणि ५० अंशांची दांडी बाहेर असेल तर मात्र हीच दुरुस्ती ०.४ होते, तिथे ती कराच.

डिजिटल प्रोब वापरत असाल तर त्याचा व्यास मोजा. धातूची दांडी खोलीची उष्णता टोकापर्यंत आणते, म्हणून प्रोब व्यासाच्या किमान १०-१५ पट खोल बुडालेला हवा असा ठोकताळा आहे. आपल्या नळीत १५ ग्रॅम सॅम्पल जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उंच भरतं. ६ मिलिमीटरचा जाड प्रोब इथे चालणार नाही, तो रिडिंग वर दाखवेल. ३ मिलिमीटरचा घ्या.

८. माहीत असलेला माल आणि केएफ

इथवर सगळं नीट असेल तर थोडा खर्च करावा लागेल. चांगल्या ग्रेडच्या ॲसेटिक ॲसिडची सीलबंद बाटली फोडा आणि त्याच नळीत, त्याच थर्मामीटरने, त्याच हाताने गोठणबिंदू घ्या. तो त्या बाटलीच्या सीओएशी जुळला तर तुमचं साधन आणि हात दोन्ही बरोबर, दोष मालात. तोही कमी आला तर अजून ओल कुठूनतरी शिरतेय, पुन्हा चौथ्या मुद्द्यावर जा.

मालातलं पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने, म्हणजे केएफने, मोजा आणि गोठणबिंदूशी ताडून बघा. केएफ ०.१५ टक्के म्हणत असेल तर गोठणबिंदू १६.३ च्या जवळ हवा. केएफ तेवढंच आणि गोठणबिंदू १५.२ असेल तर पाण्याव्यतिरिक्त काहीतरी आहे, फॉर्मिक किंवा प्रोपिऑनिक ॲसिडसारखं, आणि ते जीसीशिवाय (गॅस क्रोमॅटोग्राफीशिवाय) कळणार नाही. केएफ करताना एक खबरदारी घ्या. मिथेनॉल असलेल्या रिएजंटमध्ये ॲसेटिक ॲसिड मिथेनॉलशी संयोग पावून एस्टर बनवतं आणि त्यात नवीन पाणी तयार होतं. एंड पॉइंट सरकत राहतो, पाणी खोटं जास्त दिसतं. मिथेनॉलरहित रिएजंट वापरा आणि टायट्रेशन रेंगाळू देऊ नका.

इथे थांबा

माहीत असलेला माल पास, तुमचा माल दोन वेगळ्या ॲनालिस्टच्या हातून फेल, रेषा उतरती: आता चौथं, पाचवं रिडिंग घेऊ नका. पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं ही लबाडीच आहे, मग घाई कितीही असो. ओओएस (मर्यादेबाहेरच्या निकालाची नोंद) लिहा, क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) सांगा, आणि बाहेरून खात्री हवी असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवा.

बर्फबिंदूला थर्मामीटर एका घराहून जास्त चुकला तर मनाने दुरुस्ती लावून वापरू नका. लेबल लावून बाजूला ठेवा, कॅलिब्रेशनला द्या. डिजिटल प्रोबचं तेच.

चिलिंग बाथचा कॉम्प्रेसर चालतोय पण पाणी गार होत नाही, किंवा सारखा ट्रिप होतोय, तर मागचं पॅनेल उघडू नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा. तोवर बर्फावर काम भागतं.

थर्मामीटर फुटून पारा सांडला तर झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर नाही, सिंक तर नाहीच. सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, एसी बंद करा आणि सेफ्टी ऑफिसरला बोलवा. गंधकाची पूड टाकून गोळा करणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड वासाला व्हिनेगर असलं तरी कातडी जाळतं, आणि पातळ नायट्राइल ग्लोव्हजमधून थोड्याच वेळात झिरपतं. ग्लोव्हजवर सांडलं की लगेच बदला. डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, टेस्ट तशीच सोडून.

बाहेरच्या लॅबला सॅम्पल पाठवायचं ठरलं तर काचेची कोरडी बाटली गळ्यापर्यंत भरा, वर हवेला जागा ठेवू नका, झाकणावर पॅराफिल्म गुंडाळा. सोबत तुमच्या रेषेच्या आलेखाची झेरॉक्स जोडा आणि त्या दिवशी लॅबमध्ये आर्द्रता किती होती ते तिच्यावर लिहा.